सटवाईची लेखणी आणि सावकाराचे खत

रात्री पिकास पाणी द्यावयास गेलेला कुणब्याचा तरणा पोर घोणस चावून मरतो. दुसऱ्या दिवशी ओट्यावर जमलेली मंडळी काय बोलतात, हे खेड्यात राहणाऱ्या कोणासही सांगावयास नको. एक म्हातारा म्हणतो, "आयुष्याची दोरी तेवढीच होती." दुसरा म्हणतो, "सटवाईने पाचवीला लिहिले ते ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही." बाया रडता रडता कपाळाकडे बोट दाखवितात. आणि सुतक फिटते न फिटते तोच त्याचा धाकटा भाऊ त्याच वाफ्यात, त्याच काळोखात, तसाच अनवाणी उभा राहतो.

दुःखाच्या भरात माणूस काय बोलतो त्याचा हिशेब मागू नये, हे आम्हांस कळते. जिचा पोर गेला त्या आईला 'दोरी तेवढीच' या शब्दांनी घटकाभर आधार मिळत असेल, तर त्या माउलीशी आम्हांस वाद घालावयाचा नाही. आमचा वाद आहे तो दुःख ओसरल्यावरही हेच शब्द गावाच्या तोंडी कायम ठेवणाऱ्यांशी, आणि त्या शब्दांवर आपली पोळी भाजून घेणाऱ्यांशी.

आम्ही साधे प्रश्न विचारतो. तो पोर रात्रीच का गेला? शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्री येते म्हणून. पायांत बूट का नव्हते? बियाणे आणि खत घेऊन पैसा उरला नाही म्हणून. चावल्यानंतरची पहिली दोन घटका कोठे गेली? देवळाच्या पायरीवर आणि मांत्रिकाच्या दारात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर उतारा देणारी लस आपल्या देशात तयार होते. घोड्याच्या अंगात थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तापासून ती काढतात. ती लस जवळच्या दवाखान्यात होती काय? तेथे जावयास रस्ता व गाडी होती काय? सन २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने, साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसास औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात गुन्हा ठरविला आहे. तो कायदा गावात कोणी वाचून दाखविला होता काय? यांतील प्रत्येक प्रश्नास उत्तर आहे आणि प्रत्येक उत्तरास कोणी ना कोणी जबाबदार आहे. परंतु 'दोरी तेवढीच' म्हटले की सारे प्रश्न चितेबरोबर जळून जातात. वीजकचेरी सुटली, दवाखाना सुटला, मांत्रिक सुटला. एकटी सटवाई गुन्हेगार ठरली, आणि तिच्यावर फिर्याद लागत नाही!

येथे कोणी शहाणा आम्हांस अडवील व म्हणेल, "संपादक महाराज, तुम्ही तर स्वतःच कबूल केले! वीज रात्री आली म्हणून पोर गेला, पैसा नव्हता म्हणून बूट नव्हते. म्हणजे प्रत्येक गोष्ट मागल्या गोष्टीने बांधलेली. मग यालाच आम्ही दैव म्हणतो. सारे कारणांनी बांधलेले असेल तर माणसास मोकळीक कोठे राहिली? आणि मोकळीक असेल तर कारणांची साखळी खोटी. दोहोंपैकी एक काय ते बोला."

प्रश्न जुना आहे आणि पोरकट नाही. पंडितांनी त्यावर पोथ्याच्या पोथ्या भरल्या आहेत. आमचे उत्तर असे की, दोन्ही एकत्र नांदतात. जगात कारणावाचून कार्य होत नाही हेही खरे, आणि माणूस आपल्या करणीस मुखत्यार आहे हेही खरे. एकत्र नांदत नाहीत त्या गोष्टी निराळ्याच आहेत. कार्यकारणाचा नियम आणि कपाळावरचा लेख या दोन वस्तू एक नव्हेत. त्या एक आहेत असे भासविण्यातच सारी लबाडी आहे.

ज्वारी पेरली तर ज्वारी उगवते, हा नियम. या नियमाने कुणबी गुलाम होतो काय? उलट हा नियम आहे म्हणूनच तो शेती करू शकतो. आज ज्वारी पेरली तर बाभळी उगवाव्या, उद्या बाभळी तोडल्या तर पाऊस पडावा, असे बेबंद जग असते तर कोणता शहाणा नांगर धरता? लोखंड तापले की मऊ होते म्हणून लोहार लोहार आहे. जग नियमाने चालते म्हणून माणसाच्या हातास जोर आहे.

कपाळावरचा लेख काय म्हणतो? तो म्हणतो, तुझ्या खळ्यात दहा पोती यावयाची आहेत. तू खुरपलेस काय, न खुरपलेस काय, दहाच येतील. नियम म्हणतो, खुरपलेस तर तण मरेल, तण मेले तर पीक धरील. नियमाच्या साखळीत तुझे खुरपे ही एक कडी आहे. लेखाच्या साखळीत खुरप्यास जागाच नाही. नियम तुझ्या हातातून जातो, लेख तुझ्या हातास वळसा घालून जातो. एवढा फरक ध्यानात आला म्हणजे निम्मे भांडण मिटले.

उरलेले निम्मे गावच्या पंचांना पंडितांहून चांगले समजते. एकाची बैलजोडी दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरली. पंच पहिला प्रश्न कोणता विचारतात? "जनावर दावे तोडून शिरले, की तू मुद्दाम सोडलेस?" आता पहा, दावे तुटले त्यासही कारण होते; दावे कुजके असेल. मुद्दाम सोडले त्यासही कारण होते. मागल्या वर्षीचा बांधाचा राग असेल. कारण दोन्हीकडे आहे, तरी पंच दोहोंस सारखा दंड करीत नाहीत. का? कारण पहिल्या प्रकारात मालकाचे मन साखळीत नव्हते, दुसऱ्यात होते. मनाशी बोलता येते, त्यास समजावता येते, त्यास लाज वाटते, दंड झाल्यावर ते पुढच्या वेळी विचार करते. कुजक्या दाव्यास लाज वाटत नाही. म्हणून लहान मुलास, वेड्यास आणि गळ्याला सुरी लावून कामास लावलेल्यास आपण दोष देत नाही. समजून उमजून करणाऱ्यास देतो. माणूस स्वतंत्र आहे याचा अर्थ तो कारणांच्या बाहेर आकाशात लोंबकळतो असा नव्हे. समजून उमजून वागणारा माणूस स्वतःच एक कारण असतो, एवढाच त्याचा अर्थ; आणि तेवढा आम्हांस पुरे आहे.

ही गोष्ट आम्ही आज नवी काढलेली नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी एका कुंभाराच्या अंगणात हाच वाद झाला. जैनांच्या 'उवासगदसाओ' या आगमग्रंथात त्याची हकीकत आहे. पोलासपूर नगरात सद्दालपुत्त नावाचा मोठा कुंभार होता. त्याच्या मडक्यांची पाचशे दुकाने होती. तो आजीविक पंथाचा. सर्व काही आधीच नेमलेले, माणसाच्या उद्योगाने काही होत नाही, असे तो पंथ शिकवी. एके दिवशी तो मडकी उन्हात मांडीत असता महावीरांनी त्यास विचारले, ही मडकी कशी झाली? त्याने सांगितले की माती आणली, पाण्याने भिजविली, राख व शेण घालून मळली, चाकावर ठेवली आणि घडविली. महावीरांनी विचारले, मग ती उद्योगाने झाली की उद्योगावाचून? पंथाचा अभिमान आड आला. सद्दालपुत्त म्हणाला, उद्योगावाचून, सारे नेमलेलेच. तेव्हा महावीरांनी विचारले, तुझी मडकी कोणी चोरली वा फोडली, अथवा तुझ्या बायकोवर कोणी हात टाकला, तर तू काय करशील? कुंभार म्हणाला, त्यास शिव्या देईन, मारीन, जीवही घेईन. महावीर म्हणाले, सारे नेमलेलेच असेल तर त्याने काहीच केले नाही. मग मारतोस कोणास? आणि मारीत असशील, तर सारे नेमलेले आहे हे तुझे म्हणणे खोटे. कुंभार शहाणा होता, उमगला.

कुंभार बंधूंनो, चिखलात हात घालणाऱ्या तुमच्या पूर्वजाने मोठमोठ्या पंडितांस न सुटलेली गाठ अशी सोडविली. दैववादी माणूस तोंडाने दैव म्हणतो, पण त्याचे मडके फुटले की माणसाचीच मानगूट धरतो.

त्या आजीविक पंथाचा पुढारी मक्खली गोसाल. त्याचा दृष्टांत विणकरांनी ऐकण्याजोगा आहे. सुताचा गुंडा फेकला तर सूत संपेपर्यंत तो आपोआप उलगडत जातो. तसे शहाणा काय, मूर्ख काय, जन्माचे फेरे संपेपर्यंत फिरणारच, असे तो म्हणे. बुद्धाने या मताची गणना सर्वांत वाईट मतांत केली आणि त्यास माणसाच्या केसांच्या घोंगडीची उपमा दिली. ती थंडीत गार, उन्हात गरम, दिसावयास ओंगळ आणि वासाने घाण. मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणणाऱ्या धनगरास यातील मर्म सांगावे लागत नाही. दैववाद ही अशीच घोंगडी आहे. सुगीत ती म्हणते, 'कष्टाने नव्हे, नशिबाने मिळाले, तेव्हा देवास दे'. आणि दुष्काळात म्हणते, 'नशिबात नव्हते, तेव्हा गप्प बस'. ऊब कोणत्याही ऋतूत नाही.

गोसाल हा काही पूजा सांगणारा भिक्षुक नव्हता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. दैववाद ही एका जातीची मिरास नाही. तो रोग बहुजनसमाजाच्या हाडांतही मुरला आहे. आमचा झगडा जन्माच्या भटाशी नाही. झगडा आहे तो या रोगाचे दुकान मांडणाऱ्या भिक्षुकशाहीशी, मग गल्ल्यावर कोणत्याही जातीचा बुवा बसलेला असो.

त्या दुकानातील वजनकाटा एकदा पाहून घ्या. सकाळी बुवा सांगतो, "कपाळी लिहिले ते टळत नाही." दुपारी तोच पत्रिका उघडून सांगतो, "साडेसाती आहे, शांत करावी लागेल. काही हजार खर्च येईल." अहो महाराज, लिहिलेले टळत नसेल तर शांत कशाला? आणि काही हजारांत टळत असेल तर ते लिहिलेले कसले? पहिले वाक्य खरे असेल तर दुसरे लबाडी. दुसरे खरे असेल तर पहिले लबाडी. दोन्ही वाक्यांत एकच गोष्ट खरी आहे, ती दक्षिणा.

आता सावकाराकडे पहा. 'नशिबात असेल तर कुणबी पैसे परत करील' असे म्हणून एकाही सावकाराने कधी रुपया दिला आहे काय? तो खत लिहून घेतो, अंगठा घेतो, साक्षीदार घेतो, जमीन लिहून घेतो. त्याचा कार्यकारणावर पूर्ण विश्वास आहे! कुणब्याने मात्र सटवाईवर विश्वास ठेवावयाचा. हा भेद नीट ध्यानात धरा. ज्यांच्या हाती सत्ता आहे ते आपले काम कागदावर लिहितात आणि आपल्याला कपाळावर वाचावयास सांगतात.

दख्खनच्या रयतेने ही लबाडी एकदा ओळखली होती. सन १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिकडचा कापूस विलायतेस जाईना. आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. सन १८६५ मध्ये ती लढाई थांबली, भाव कोसळले. पाठोपाठ सरकारने फेरपाहणीत जमिनीचा सारा वाढविला. पुण्यानगरच्या कुणब्याच्या गळ्याला फास बसला तो अमेरिकेतल्या तोफांनी, विलायतेतल्या गिरण्यांनी आणि पाहणी कामगाराच्या लेखणीने. कारणांची साखळी साता समुद्रापलीकडून आलेली होती, पण तिच्यात सटवाई कोठेच नव्हती. सन १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस सुप्याच्या बाजारात रयत सावकारांवर उठली आणि पुढे पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरलेल्या त्या दंग्यात लोकांनी मुख्यतः मागितले ते एकच, खते आणि दस्तऐवज. ते हाती येताच जाळले. त्यांनी कपाळे बडविली नाहीत. लेख कोठे लिहिलेला आहे हे त्यांना बरोबर ठाऊक होते.

जाळपोळीची आम्ही शिफारस करीत नाही. तिच्यापायी पुष्कळांस तुरुंग पाहावा लागला. परंतु परिणाम पहा. सरकारला चौकशीसाठी कमिशन बसवावे लागले आणि सन १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांकरिता कायदा करावा लागला. नुसते खत पुढे केले म्हणजे झाले असे न मानता, मूळ कर्ज किती आणि व्याज किती चढविले, हे कोर्टाने तपासावे असे त्यात ठरले. कर्जापायी शेतकऱ्यास कैदेत टाकणे बंद झाले. कायदा अपुरा होता आणि सावकारांनी त्यातून वाटाही काढल्या, हे खरे. तरी अढळ म्हणून सांगितलेली गोष्ट माणसांनी हलविली.

दुसरा दाखला घरातला घ्या. ज्या रोगाने गावेच्या गावे उजाड होत, पोरे आंधळी होत, त्या रोगास आपण नावच 'देवी' दिले होते. म्हणजे उपाय करणे हेच पाप! जेनर नावाच्या इंग्रज वैद्याने सन १७९६ मध्ये गोस्तनाच्या देवीची लस टोचून त्यावर उपाय सिद्ध केला. ती लस सन १८०२ मध्ये मुंबईस आली. गावोगाव टोचणारे आले, त्यांनाही लोक 'देवी डॉक्टर' म्हणू लागले; पोरे कणगीत लपविली, टोचणाऱ्यांना हाकलले. तरीही काम चालले. सन १९७५ नंतर भारतात त्या रोगाची लागण उरली नाही आणि सन १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो रोग पृथ्वीवरून गेल्याचे जाहीर केले. आता सांगा, सटवाईने कपाळी 'देवीने मरण' असे लिहिण्याचे एकाएकी का थांबविले? देश स्वतंत्र झाला तेव्हा जन्मणाऱ्या मुलाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७० च्या आसपास आहे. तळहातावरची आयुष्यरेषा या काळात दुपटीने लांबली काय? रेघ तेवढीच आहे. लांबले ते आयुष्य. लस, स्वच्छ पाणी, अन्न आणि दवाखाना यांनी. कारण शोधले, म्हणून मोकळीक मिळाली. नियमाचे ज्ञान हीच माणसाच्या स्वातंत्र्याची किल्ली आहे. मग ती दोन एकमेकांची वैरी कशी?

हल्ली मात्र दैववादाने नवा अंगरखा शिवला आहे. शिकलेले लोक सांगतात की, फ्रान्सच्या लाप्लास या गणितज्ञाने सन १८१४ मध्येच म्हटले होते की, विश्वातील कणन् कण जाणणाऱ्या बुद्धीस पुढचे सर्व आजच दिसेल. ते असेही सांगतात की, बेंजामिन लिबेट या अमेरिकन शास्त्रज्ञाने सन १९८३ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. मनगट हलविण्याची इच्छा माणसास जाणवण्यापूर्वी सुमारे एकतृतीयांश सेकंद त्याच्या मेंदूत हालचाल सुरू झालेली आढळली. तेव्हा इच्छा हा भ्रम! आमचे उत्तर थोडक्यात आहे. लाप्लासची ती बुद्धी कोणापाशीही नाही. आणि असती तरी तिला तुझे उद्याचे पीक तुझे खुरपे हिशेबात धरूनच सांगावे लागले असते. दुसरे, वाटेल तेव्हा मनगट हलविणे ही एक गोष्ट. आणि जमीन विकावी की न विकावी, म्हणून चार रात्री जागून, घरधनिणीशी आणि भावाशी बोलून ठरविणे ही दुसरी. तिसरे, मेंदूत आधी हालचाल झाली तर मेंदू कोणाचा? माझाच ना? तो सटवाईचा खास नव्हे.

दुसऱ्या टोकाचे उपदेशकही आता फार झाले आहेत. ते व्यासपीठावरून गर्जतात, "सारे तुझ्या मनावर आहे! इच्छा कर, श्रीमंत होशील. गरीब राहिलास तर दोष तुझा." हे ऐकून तरुण टाळ्या वाजवितात. बाबांनो, ही दैववादाची सख्खी बहीण आहे. पहिली म्हणते, 'सारे नशिबाने, म्हणून सोस'. दुसरी म्हणते, 'सारे तुझ्याच चुकीने, म्हणून लाज'. दोघींच्या बोलण्यात बाजारभाव नाही, व्याज नाही, जातीची उतरंड नाही, पाण्याची पाळी नाही. दोघी मिळून अन्यायाला झाकण घालतात.

खरे असे आहे की, मोकळीक ही सर्वांस जन्मतः सारखी वाटलेली नाही. भुकेल्यापाशी ती थोडी, निरक्षरापाशी त्याहून थोडी, कर्जात बुडालेल्यापाशी चिमूटभर. परंतु ती वाढविता येते. जोतीराव फुले यांनी सन १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि भटावाचून लग्ने लागू लागली. शाहू महाराजांनी सन १९०२ मध्ये कोल्हापुरात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. भाऊराव पाटलांनी सन १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. यांपैकी कोणीही 'सारे तुझ्या मनावर आहे' असा नुसता उपदेश केला नाही. कोंडणारी कारणे त्यांनी हेरली आणि त्यांच्या जागी नवी कारणे उभी केली. त्यांच्या शाळेत जो बसला, त्याची मोकळीक त्याच्या बापाहून मोठी झाली.

आणि दारूच्या गुत्त्यावरून झोकांड्या खात येऊन 'माझे नशीबच फुटके' म्हणणाऱ्यासही आम्ही सोडणार नाही. तुझ्या दुःखाला कारणे आहेत, कबूल. पण घरी तुझ्याइतक्याच दुःखात असलेली तुझी बायको खुरपणीला जाऊन पोरांना भाकर घालते. तिलाही कपाळ आहेच की!

तेव्हा बंधुभगिनींनो, पुढल्या वेळी ओट्यावर बसाल तेव्हा 'दोरी तेवढीच' म्हणण्याआधी थांबा आणि विचारा: हे कशाने झाले? त्यातले काय आपल्या एकट्याच्या हाती होते, काय गावाच्या, काय सरकारच्या? साप चावला तर देवळाकडे नव्हे, दवाखान्याकडे धावा. अंगठा वा सही करण्याआधी खत दोघांकडून वाचवून घ्या. हल्ली कर्जाचे खत फोनवरही येते, तेही वाचा. दिवसा वीज आणि दवाखान्यात लस, हे दोन ठराव ग्रामसभेत लिहून घ्या, आणि ते अमलात येईपर्यंत दर सभेस तेच विचारा.

आणि एक शेवटचे. पाचवीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. रात्री सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहिते म्हणतात. ज्या आयाबायांनी तो पाट सकाळी उचलला आहे त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावे, कागदावर कधी एक तरी अक्षर उमटलेले दिसले काय? कागद कोराच असतो, लेखणी जागच्या जागी असते. ती फेकू नका, जपून ठेवा. पोर, मग तो मुलगा असो की मुलगी, सहा वर्षांचा झाला म्हणजे तीच लेखणी त्याच्या हाती द्या आणि शाळेत घाला. लिहिणारे कोणी येणार नाही. त्यालाच लिहावयाचे आहे.